आनंदपूरच्या जोडाघरातून

आनंदपूर साहिब, गुरुवार

आये,

दुरूनच पाया पडतो. मी बरा हाय, दोन वेळा लंगरात पोटभर जेवतो, तू काळजी करू नको. फोन केला की बाबा उचलतात आणि माझा आवाज ऐकून ठेवून देतात, म्हणून हे पत्र.

वडप्याच्या नाक्यावर ट्रकमध्ये चढलो तेव्हापासून अमृतसर, तरणतारण, सरहिंद असा भटकतोय. सगळं लय भारी हाय, पण आता पाय सुजलेत, नवीन काय बघावंसं वाटत न्हाय. इथे गहू कापायला आलाय, आपल्या भातखाचरांच्या दुप्पट शेतं! असो.

इथल्या गुरुद्वाऱ्यात चपला ठेवायच्या जागेला जोडाघर म्हणतात. तिथे एका म्हाताऱ्या सरदारजींनी माझ्या धुळीने भरलेल्या चपला हातात घेऊन पुसल्या. मी म्हटलं, "अंकल, रहने दो."

ते हसले. "बेटा, मेरी ड्यूटी है."

"किसने लगाई?"

"किसी ने नहीं. इसीलिए तो छूटती नहीं."

मला बाबाच आठवले, दिलेला शब्द कधी न मोडणारे. त्यांनी मुकादमाला शब्द देऊन मला गोडाऊनमध्ये लावलं, आणि मी तिसऱ्याच दिवशी पळालो. आता चार दिवस मीपण इथे चपला पुसतोय. कंबर मोडून गेली, पण रोज वेळेवर जातो.

मुकादम बाबांना काय काय बोलला? धाकट्या नेत्राची परीक्षा झाली का?

रविवारी एक ट्रक तिकडे निघतोय, त्यातून येतो. बाबांना सांग, मुकादमापुढे मी एकटाच जाईन. माझ्यासाठी त्यांनी आता मान खाली घालायची न्हाय.

दमलेला, पण तुझाच
हरेश