साच्याची रेघ

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे सणसवाडीत! वरवंड सोडताना आईच्या गळ्यात पडून रडले, पण खरं सांगायचं तर आतून खूश होते. दोन खोल्या, मोरी आतच, पुढे ओटा. ह्यांची कंपनी चालत जाण्याइतकी जवळ. प्लॅस्टिकचे डबे, बादल्या बनवतात तिथे. बोअरला पाणी भरपूर. ह्यांना आणि नंदूला ते गोड लागलं, दोघांनी तांब्याच्या तांब्या रिचवला. मला बोअरचं सोसत नाही, मी माझ्यापुरता विकतचा जार लावला.

मालकीण धुरपदाकाकू वरच्या मजल्यावर राहतात. साठी ओलांडलेली असणार. त्यांच्या खिडकीत फ्रॉक घातलेली एक मुलगी बसली होती, आमच्या नंदूएवढी, सहा-सात वर्षांची. नात असेल. नंदूने हात हलवला, तिने ढुंकून पाहिलं नाही. शिष्ट दिसतेय.

आधीचे भाडेकरू माशांची काचेची टाकी तशीच टाकून गेलेत. नंदू तर नाचायलाच लागली.

५ नोव्हेंबर
शिरूरला पप्पूच्या दुकानातून गप्पी मासे आणले. झाडांवरून मात्र भर दुकानात आमची जुंपली. हे म्हणाले, सवे, प्लॅस्टिकची घे. मरत नाहीत, सडत नाहीत, धुतली की झालं. मी म्हटलं, मी माळ्याची लेक, आमची शेवंती बघायला हायवेवरचे लोक गाड्या थांबवतात, आणि माझ्या घरात प्लॅस्टिकचं झाड? आई फाडून खाईल मला. पप्पूनेही माझीच बाजू घेतली. जिवंत झाडांनी पाणी चांगलं राहतं, पिल्लांना लपायला होतं म्हणाला. जिवंतच आणली.

काकूंनी टाकी बघून नाक मुरडलं. ह्या घरात जितं काही टिकत नाही, प्लॅस्टिकचंच लाव, म्हणाल्या. त्यांच्या वृंदावनातली तुळससुद्धा प्लॅस्टिकची आहे! आळसाची कमाल झाली बाई.

९ नोव्हेंबर
झाडं जरा जास्तच हिरवीगार दिसायला लागलीत. एक पान तोडायला गेले, तर तुटेना. ह्यांना दाखवलं. हे कंपनीत साच्यातून निघालेल्या मालाच्या कडा ब्लेडने साफ करतात, त्यामुळे नजर पक्की. देठावरून नख फिरवून म्हणाले, ही बघ साच्याची रेघ. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे ती उठते, खऱ्या झाडाला नसते. पप्पूने टोपी घातली तुला.

पप्पूने नाही. मी स्वतःच्या हाताने लावलीत, मुळं बोटांना लागली होती. घराची दुसरी किल्ली काकूंकडे आहे. आपलंच खरं करायचंय त्यांना, म्हणून माझी झाडं उपटून ही खोचली. हे हसले. मला नाही हसू आलं.

१२ नोव्हेंबर
कुलूप बदललं. नवी झाडं आणून लावली आणि देठाला लाल दोऱ्याची गाठ मारली. आता बदला म्हणावं!

काकूंना तोंडावर विचारलं. चोराच्या मनात चांदणं, चेहऱ्यावर काहीतरी दिसेल म्हटलं, तर काही नाही. पाण्याला नावं ठेव, मला नको, एवढंच म्हणाल्या. आणि माझी कीव आल्यासारखं बघत राहिल्या. बाई कावेबाज आहे.

१६ नोव्हेंबर
दोरा तसाच. गाठ माझीच. आणि देठावर रेघ.

म्हणजे कुणीच काही बदललं नाही.

मासे फिरताहेत, पण त्यांचं खाणं वर तरंगतंय. एक हातात धरला. तडफडला नाही. पोटावर —

पप्पू माशांतही फसवतो का? जिवंत होते ना हे?

१९ नोव्हेंबर
नंदूचा डबा भरलेला परत येतो. ताप नाही, खोकला नाही. शेजारीण म्हणते, पोर किती नितळ झालीय. हेही कंपनीतच जेवलो म्हणतात, ताटावर बसत नाहीत.

आज तिची नखं कापायला घेतली. कापण्याइतकी नव्हतीच. इथे आल्यापासून एकदाही कापली नाहीत मी.

भीती वाटतेय. कुणाला सांगू?

२१ नोव्हेंबर
वर गेले. काकू त्या मुलीचे केस विंचरत होत्या. तोच फ्रॉक. मुलगी पापणी लववत नव्हती. मी काकूंचे पाय धरले, माझ्या पोरीला काय होतंय सांगा म्हटलं.

“ही नात न्हाई माजी, लेक हाय,” त्या म्हणाल्या. “सातवं वरीस सरलंच न्हाई तिचं. पयल्या दिवशी समदं सांगितलं असतं, तर तू ऱ्हायली असतीस व्हय? तिला बी सोबत नको का कुनाची?”

२२ नोव्हेंबर
पाणी. बोअरचं पाणी. टाकीतही तेच, नंदूच्या बाटलीतही —

पिशवी भरली. मिळेल त्या गाडीने वरवंडला. आईकडे गेलो की सगळं नीट होईल. वेणी घालताना नंदूच्या कानामागे माझं नख अडलं.

नाही. देवा, नाही.

कानापासून मानेपर्यंत. सरळ.

नंदू म्हणाली, आई, दुखत नाही.

संध्याकाळी
मी निघणार तेवढ्यात हे आले. रडत रडत दाखवलं. दचकलेसुद्धा नाहीत. खिशातून ब्लेड काढलं, कंपनीतलं. हलक्या हाताने रेघ साफ केली की कुणाला कळत नाही म्हणतात. शाळेत पाठवता येईल म्हणतात.

नंदूला घेऊन आतल्या खोलीत आले. कडी लावली. बाहेर उभे आहेत. आवाज चढत नाही. समजावताहेत —

“सवे, उगं भितीस. माजी रेघ तरी कुठं दिसली तुला?”

नंदू उठली. कडीकडे चाललीय. नंदू, बाळा, आईचं ऐक, न —