अकरा चादरी कमी

तीर्थरूप आत्यास,

बसल्या जागेवरूनच साष्टांग नमस्कार. उठले असते, पण ही खुर्ची एकदा स्थिर झाली की तिला हलवणं म्हणजे झोपलेल्या तान्ह्या बाळाची दुपटी बदलणं. तुझे गुडघे, तुझा नवा चष्मा आणि तुझं वर्तमानपत्र आधी स्वतः वाचून मग दारात टाकणारा तो शेजारी, हे तिघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक. हे मजेत आहेत. मुलगी लांब आहे, त्यामुळे प्रेमळ आहे. मी मात्र घोर अन्यायाखाली दबून गेलेय आणि दाद कुठे मागावी ते कळेना, म्हणून तुला लिहितेय.

अन्याय असा की वर्गात माझ्या वाट्याला आलेल्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी विद्यापीठात 'श्रम आणि कामाच्या ठिकाणची विषमता' या विषयाची पदवी घ्यायला निघालेय, हे तुझ्या भावाने, म्हणजे आमच्या बाबांनी, कपाळाला हात लावून तुला सांगितलंच असेल. (यांचं म्हणणं, लोक काम टाळायला आजारी पडतात, तू सरळ पदवीलाच बसलीस.) तर विषमतेचा अभ्यास विषम पायांच्या खुर्चीवर बसून करायचा, हे शास्त्राला धरून असेल, पण मणक्याला धरून नाही. आमचे सर गादीच्या खुर्चीत रेलून 'उभ्याने काम करणारा माणूस' या विषयावर दोन दोन तास इतकं सुंदर बोलतात की ऐकणाऱ्याचे पाय दुखावेत. पहिल्या व्याख्यानाची टिपणं आठपदरी दुमडली की त्या आखूड पायाखाली बरोब्बर बसतात. माझ्या आतापर्यंतच्या शिक्षणाचा भक्कम आधार म्हणशील तर तोच.

दुपारचा वर्ग, खिडकीशी जुनं झाड, पंख्याची एकच एक लय. सर 'श्रमविभागणी' म्हणतात तेव्हा मी कुठल्या तरी नदीवर असते, 'वेतनरचना' म्हणतात तेव्हा पलीकडच्या काठावर. अशाच एका तरंगत्या क्षणी त्यांनी सगळ्यांना कामाची एकेक जागा वाटून दिली. आठवडाभर तिथे जायचं, कोण बसतं, कोण उभं राहतं, कोण किती विसावतं ते तक्त्यात भरायचं. आणि त्यांनी बोट वर करून बजावलं, निरीक्षकाने काही म्हणजे काही बदलायचं नाही. भिंतीवरच्या पालीसारखं असायचं. मी दचकून जागी झाले तेव्हा माझ्या वाट्याला एक लॉन्ड्री आली होती.

लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नव्हे, आत्या. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी जिथे टनावारी धुतात असा कारखाना. दुधी काचांतून येणारा उजेड, सगळीकडे ऊन ऊन वाफ, आणि एका टोकाला तो भलामोठा इस्त्रीचा रूळ, ज्याच्या पोटातून चादरी एकामागून एक सावकाश बाहेर येतात, जणू कोणी ढग सपाट करून सोडतंय. मी पहिल्याच दिवशी, शनिवारी, मोठ्या खिशांचा फिकट निळा डगला घालून गेले. (वही, पेन्सिल, चष्मा आणि दोन बिस्किटं राहतात म्हणून मुद्दाम घेतला होता.) तिथल्या घड्या घालणाऱ्या सगळ्या बायकांचा डगला तोच, फिकट निळा. मुकादमाने मला पाहिलं आणि 'बदली ना तू? उशीर केलास' म्हणून थेट चौथ्या टेबलाशी नेऊन उभं केलं. तिथल्या बाईची जोडीदारीण त्या दिवशी आली नव्हती.

आता तू म्हणशील, मेले, तोंड नव्हतं तुला? तोंड होतं गं, पण अभ्यासही होता. काही बदलायचं नाही, ढवळाढवळ करायची नाही, हे सरांचं वाक्य कानात घुमत होतं. मी कोण ते सांगणं म्हणजे ढवळाढवळच झाली असती. तेव्हा शास्त्राची शिस्त पाळून मी निमूटपणे चादरीचा कोपरा धरला.

चौथ्या टेबलाच्या बाईला सगळे मावशी म्हणतात. ती माझ्याच वयाची, फार तर वर्षाने लहान. (मला आयुष्यात कोणी मावशी म्हटलेलं नाही. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला वाढले, एवढाच काय तो फरक.) 'ए नवीन,' ती म्हणाली, 'कोपरा धर, चिमटीत नको, मुठीत धर. चादर आहे, फुलपाखरू नाही.' मग एक पाऊल पुढे यायचं, कोपरे तिच्या हातात द्यायचे, खाली वाकून घडीचा काठ उचलायचा, मागे जायचं, ताणायचं, पुन्हा पुढे. दहा चादरींत माझी लाज गेली, वीस चादरींत माझं नाव गेलं. त्या वाफेत आम्ही दोघी जवळ यायचो, लांब जायचो, हातांना हात लागायचे आणि मधे पांढरं काहीतरी सारखं लहान लहान होत जायचं. मी इतकी संथ, इतकी सुखी गेल्या कित्येक वर्षांत झाले नव्हते. अर्थात मी एकच दिवस करत होते. ती सोळा वर्षं करतेय.

त्या दालनात बसायला दोनच गोष्टी होत्या. एक लाकडी स्टूल. ज्या जोडीचा आठवड्याचा चादरींचा आकडा शनिवारी पुरा भरेल तिला पुढच्या आठवड्यात ते मिळतं, मग दोघी आळीपाळीने बसून घड्या घालतात. मावशीने ते सलग तीन आठवडे राखलं होतं, कारण तिचा उजवा गुडघा दुपारनंतर तिचं ऐकत नाही. दुसरी होती दाराजवळची कोरी करकरीत खुर्ची, अंगावर प्लास्टिक तसंच, पाठीला चिठ्ठी: 'निरीक्षकांसाठी राखीव'. विद्यापीठाचं पत्र आलं होतं की निरीक्षक येणार, आणि मुकादमाने निरीक्षक म्हणजे कोणी वरचा साहेब समजून ती मागवली होती. बापडा सकाळपासून फाटकाशी उभा होता. त्याच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं. एक बायका आत येताना बघायचं, ते पुढे. दुसरं त्या बाहेर जाताना बघायचं, ते मागे. तर दिवसभर ती खुर्ची माझी वाट बघत होती, मी तिच्याकडे बघत होते, आणि अकराजणी उभ्या होत्या.

जेवणानंतर माझे पाय संपले. मावशी म्हणाली, 'जा, त्या गाड्यांच्या मागे ढिगावर टेक पाच मिनिटं. मी बघते.' टॉवेल नुकतेच सुकून आलेले, ऊबदार. मी टेकले आणि गेलेच. स्वप्नात मला पदवी मिळाली. ती डबलबेडच्या चादरीएवढी होती. सर तिचा एक कोपरा धरून कोणीतरी दुसरा धरेल म्हणून वाट बघत होते, सगळ्या वर्गाच्या खुर्च्या फुलक्यांसारख्या फुगून छताला लागल्या होत्या, आणि तू तुझ्या तिकिटाच्या खिडकीत बसून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होतीस, 'कुठे उतरायचंय?' कोणालाच सांगता येत नव्हतं.

जाग आली ती मुकादमाच्या आवाजाने. तो फोनवर विद्यापीठाला सांगत होता की तुमचे निरीक्षक काही आले नाहीत बुवा, आम्ही खुर्ची मांडून बसलोय. (बसलं कोणीच नव्हतं, हे मी नोंदवून ठेवलंय.) मी केसांत अडकलेला टॉवेल घेऊन उभी राहिले आणि म्हटलं, मीच ती. पुढचं विचारू नकोस. मला खुर्चीत बसवलं, प्लास्टिकसकट. थंड सरबत आलं. आणि मावशी टेबलावरून वळून म्हणाली, 'अगंबाई, मॅडम होय तुम्ही!' एवढंच. दिवसभर ती मला ए म्हणत होती, आणि मला ते मानपत्रासारखं वाटत होतं, हे तेव्हा कळलं.

मी चाळीस मिनिटं झोपले होते. तेवढा वेळ तिने मोठ्या चादरी एकटीने घडी केल्या, मधली दुमड हनुवटीखाली दाबून, दोन्ही हात पसरून. कोणाला हाक मारली नाही, मला उठवलं नाही. तरी आठवड्याच्या आकड्यात अकरा चादरी कमी पडल्याच, आणि स्टूल दुसऱ्या टेबलाकडे गेलं. मी मुकादमाला हात जोडून सांगितलं की चूक माझी आहे, तिची नाही. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, 'मॅडम, नियम सगळ्यांना सारखा. हे तेवढं तुमच्या अहवालात लिहा.' म्हणजे माझी माफी त्याने सरबताने मागितली आणि मावशीची स्टूल काढून घेऊन.

बाकी पाच दिवस मी त्या खुर्चीत बसून तक्ता भरला. मावशी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत घड्या घालत होती. माझ्याकडे बघून हसायची, अहो-जाहो करायची. खुर्ची तिला देऊ केली तर म्हणाली, 'नको हो, तुम्ही गेल्यावर मला मुकादमाचं ऐकावं लागेल.' त्या खुर्चीचे चारही पाय सारखे होते, आत्या. इतकी टोचणारी खुर्ची मी दुसरी पाहिली नाही.

तर माझं हे असं चाललंय. काळजी करू नकोस. तब्येतीला जप, गोळ्या वेळेवर घे, आणि बाबांना सांग की अभ्यास उत्तम चाललाय.

तुझी लाडकी (आणि लोळत शिकणारी),
भाची

ता. क. अभ्यास उत्तम चाललेला नाही. माझ्या तक्त्यात 'विश्रांती' या रकान्यात सबंध आठवड्यात एकच नोंद आहे: निरीक्षक, चाळीस मिनिटं. सर म्हणाले, ही ओळ काढा, निरीक्षक तक्त्यात येत नसतो. मी म्हटलं, मग तो झोपतो कुठे? ओळ काढली नाही तर परत सगळं लिहावं लागेल म्हणाले. परत लिहीन. ओळ राहील.

आणखी एक ता. क. आता खरं काम. तू निवृत्त झालीस तेव्हा सगळ्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि तू हट्टाने तुझं तिकिटाच्या खिडकीतलं स्टूल मागून घेतलंस. सगळे हसले होते, मी सुद्धा, सगळ्यात मोठ्याने. ते स्टूल मला हवंय. माझ्यासाठी नको. त्यावरची कुंडी खाली ठेव, मी पुढच्या रविवारी येऊन घेऊन जाईन. मुकादम ते आत येऊ देईल की नाही ठाऊक नाही, पण तू त्यावर बसून एकतीस वर्षं साहेबलोकांना रांगेत उभं केलंस, त्या स्टुलाला साहेबांची थोडी तरी सवय असेल.

शेवटचा ता. क. काल शनिवार. माझा आठवडा संपला होता, तक्ता देऊन झाला होता, जायचं काही कारण नव्हतं. निळा डगला घालून गेले. मावशीची जोडीदारीण अजून आलेली नव्हती आणि मुकादम वरच्या ऑफिसात होता. मी मावशीला म्हटलं, ढिगावर जा, मी बघते. म्हटलं, तुमचा आकडा पुन्हा कमी पडेल, स्टूल याही आठवड्यात हुकेल. ती म्हणाली, 'स्टुलावर बसूनही घड्या घालाव्याच लागतात हो. झोपेत नाही लागत.' आणि गेली. ती तोंड किंचित उघडं टाकून झोपते. मी हनुवटीखाली चादर दाबून, हात पसरून, एकटीच पुढे-मागे होत राहिले. रुळातून ढग येत होते. हनुवटी आज सोलवटली आहे. उठल्यावर तिने विचारलं, किती वेळ झाला? मी म्हटलं, चाळीस मिनिटं.

'मग फिटलं,' ती म्हणाली. टेबलाशी आली, चादर झटकली आणि तिचं दुसरं टोक माझ्याकडे फेकलं. 'ए नवीन, धर कोपरा.'