बकरा दुसऱ्यात येते का?

पवनी
नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी

प्रिय मनिष,

आजीचे लाख लाख आशीर्वाद. पत्र पाहून भेऊ नको, घरी सारे खुशाल आहेत. फोनवर तुझं आपलं ‘जेवली का, गोळी घेतली का’, अन् ठेवला. मले बोलायचं असते लंबं. म्हणून लिहून राहिली. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, काना-मात्रा तूच लावून घेजो.

पहिले आनंदाचं. तुझ्या नोकरीचं कळलं तेव्हापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. भाजीवालीले सांगितलं, पोस्टमनले सांगितलं, मंदिरात चप्पल सांभाळते त्यालेही सांगितलं. बाजूची बेबीबाई म्हणते, जानकीबाई, नातू साहेब झाला का तुम्ही? तं तुझ्या बहिणीनं, गुड्डीनं, आपल्या बकऱ्याचंच नाव साहेब ठेवलं. हो, आपला बकरा. तू विचारलं होतं, आजी, मागून कोण ओरडते, अन् मी म्हटलं बाजूवाल्याचा आहे. खोटं बोलली. तू ट्रेनिंगले गेल्यावर पिल्लू होतं तेव्हाच आणला. हातमागाच्या खांबाले बांधला असते. मोठा गुणी, पण सुताचा दुश्मन. परवा मागासाठी सुताच्या कांड्या भरून ठेवल्या अन् वळून पाहते तं साहेब सूत चावून राहिला. तुझ्या बापानं काठी उचलली, तं माझ्या लुगड्यामागं लपला. तूही असाच लपत होता. या कागदाचा कोपराही त्यानंच खाल्ला आहे.

तुले आठवते, डेंग्यूतून उठल्यावर तू मागाजवळ बसून नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करत होता? माझा रहाट फिरे अन् तुझे धर्म फिरत. बुद्धाचं पंचशील, महावीराची अहिंसा, येशूचं शेजाऱ्यावर प्रेम, चीनच्या त्या म्हाताऱ्या गुरूचं काय काय. एक दिवस तू म्हटलं, आजी, साऱ्यायचं सार एकच, जे आपल्याले नको ते दुसऱ्याले करू नये. मी विचारलं, मंग बकरा दुसऱ्यात येते का रे? तू पोट धरून हासला. म्हणे, हे परीक्षेत येणार नाही. मी गंमत नव्हती केली, बाबू. मले खरंच पाहिजे होतं उत्तर.

तू हासला, म्हणून मी दुसऱ्यायले विचारत बसली. बेबीबाई विहारात जाते. तिनं पहिलं शील म्हणून दाखवलं, जीव घेऊ नये, अन् वरून म्हणे, त्यात फक्त माणसाचा असं नाही लिहिलं, जानकीबाई. सूत रंगवणारे चाचा आले, त्यायले म्हटलं, तुमच्यात तं कुर्बानी असते. चाचानं चहाची बशी खाली ठेवली. मंग म्हणे, भाभी, मांस-रक्त अल्लाकडे पोचत नाही, मनातलं पोचते. अन् द्यायचं ते आपल्याले आवडतं पाहिजे, तेव्हाच ते देणं. देवीच्या पुजाऱ्यानं मात्र साफ सांगितलं, बोललेलं पाळा, नाहीतर ज्याच्यासाठी बोलल्या त्याच्यावर येते. त्या दिवसापासून घास घशाखाली उतरेना.

आता खरं लिहिते. साहेब तुझ्यासाठी देवीले नवसात बोललेला आहे. डेंग्यूत तुझ्या रक्तातल्या पेशी उतरून राहिल्या होत्या, डॉक्टर तोंड चुकवत होते. मी देवीच्या पाराशी डोकं टेकलं अन् म्हटलं, जिवाच्या बदली जीव देईन, माझा मनिष ठेव. तिनं ठेवला. तुझ्या बापानं नवस फेडायले दसऱ्याचा दिवस धरला आहे, तू सुटीवर येशील तोच. पण मी परवा पुन्हा गेली पाराशी. म्हटलं, माय, बकऱ्याचा जीव बकऱ्याचा, तो मी कशी देऊ? माझं आवडतं देते. तुले माहीत आहे, मी कोष्ट्याच्या घरची, मटणाच्या रश्श्यावर माझा केवढा जीव. तुझा आजा म्हणे, पहिली नळी जानकीच्या ताटात वाढा, नाहीतर घरात शांती नाही. तो रस्सा मी सोडला, मरेपर्यंत. देवी काही बोलली नाही, पण त्या दिवशी मी पोटभर जेवली. तुझा बाप म्हणते, म्हातारीच्या जिभेवर पोराचा जीव तोलायचा का? चुकीचं नाही म्हणत तो, बाप आहे. जीव तुझा होता. तुले न विचारता मी बोलली, अन् न विचारता बदललं. म्हणून हे पत्र. तुले भेव वाटत असन तं तसं लिही, मी माझ्या हातानं साहेबाले कुंकू लावीन. तुझ्यापुढं मले कोणी नाही. नसन वाटत तं तुझ्या बापाले तूच सांग, तो तुझंच ऐकते. त्या दिवशी तू माझा सवाल हासण्यावारी नेला. आता परीक्षा झाली, बाबू. सांग.

उत्तरासाठी दारातच बसलेली,
तुझीच
आजी