साठीपर्यंतचा हिशेब

३ जानेवारी

बँकेतली मुलगी आज म्हणाली, "काका, अजून पेन्शन योजना नाही घेतली?" म्हटलं, खाणार कोण? तिला वाटलं मी गंमत करतोय.

गंमत कसली. मार्चमध्ये साठ पूर्ण. त्या दिवशी चष्म्याच्या दुकानातली नोकरी संपते — आणि आमच्या घरात पुरुष साठी बघत नाही. बाबा एकोणसाठाव्या वर्षी गेले, काका सत्तावन्नाव्या. (काका शिडीवरून पडला. पण गेला ना!) म्हणून मी कधी साठवलंच नाही. भाचीची फी भरली, मागेल त्याला दिले, चांगले बूट घातले. पासबुकात उरलेत ते जेमतेम उन्हाळ्यापुरते. हिशेब चोख आहे.

९ जानेवारी

नवी किटली घेतली. पाच वर्षांच्या गॅरंटीचे जास्त पैसे सांगत होता. नको म्हटलं.

२१ जानेवारी

गुडघा दाखवायला गेलो, तर डॉक्टरांनी सगळंच तपासलं. "हृदय तरुण पोराचं आहे. नव्वदी आरामात गाठाल." आनंदानं सांगत होते बिचारे. तीस वर्षं! कशावर काढू? कुणाबरोबर?

बाहेर बाकावर बसलो. कुणाला तरी सांगावंसं वाटलं. फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत बघितली आणि फोन खिशात टाकला.

मग मलम घ्यायला औषधाच्या दुकानात. तिचंच दुकान. वीस वर्षांपूर्वी तिनं विचारलं होतं, लग्न करू या का. मी म्हणालो होतो, तुला विधवा कशाला करू? तिनं नंतर कुणाशीच केलं नाही. आज काउंटरपलीकडून म्हणाली, "झोपताना लावा." हल्ली अहो-जाहो करते.

४ फेब्रुवारी

डॉक्टर काय, चुकतातही. बाबांनाही कुणीतरी ठणठणीत म्हटलंच असेल.

२७ फेब्रुवारी

मालकांना विचारलं, आणखी वर्षभर ठेवाल का. "काचा घासायला मशीन आणतोय हो." नजर चुकवून म्हणाले.

घरी येऊन पाणी उकळत ठेवलं, दोन कप काढले. एक परत ठेवला. फार एकटं वाटतं — लिहून टाकलं एकदाचं.

१४ मार्च

साठ. आहे अजून. कुणी आलं नाही. येणार कोण?

ताईचा फोन आला. म्हटलं, बघ, बाबांच्या पुढे गेलो. ती हसायलाच लागली. "कुठला पुढे? बाबा सहासष्टचे होते. नोकरी मिळावी म्हणून कागदावर वय सात वर्षं कमी लावलं होतं. आई सांगायची की."

मला नाही सांगितलं, म्हटलं.

"तू कधी विचारलंस?"

सगळं मुसळ केरात.

१५ मार्च

मलम अजून अर्धं आहे. तरी गेलो. तिला बाबांचं खरं वय सांगितलं. पासबुकाचंही सांगितलं. ती बराच वेळ गोळ्यांची पाकिटं लावत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं एका खोट्या आकड्याला घाबरलास?"

आणि काउंटरची फळी उचलली. पहिल्यांदाच पलीकडे गेलो.