मशीनवरचं लुगडं

१८ मार्च
कमलमावशीच्या गावी जाऊन आले. गायरानातली जुनी दगडखदान परत सुरू करायचीय एका कंपनीला. कितीतरी वर्षं बंद होती. पर्यावरण अहवाल आमच्या ऑफिसकडं, म्हणजे माझ्याच गळ्यात. आधी हवेतली धूळ मोजायची. मशीनला उंच जागा पाहिजे, लाइट पाहिजे, चोरीला जायला नको. मावशीची गच्ची. घर खदानीच्या अगदी तोंडाशी. सर खूश. "वा, घरचंच झालं की मॅडम."

नियमानं मशीन चालू असेल त्या दिवशी मी तिथं थांबायला पाहिजे. पूर्ण उन्हाळाभर. सिल्लोड रोडनं एवढे हेलपाटे कोण घालणार? मावशीला बटण दाखवलं, आतला फिल्टर कागद कसा बदलायचा, पाकिटावर तारीख कशी टाकायची ते शिकवलं. "एवढंच व्हय? मिक्सरपरीस सोपं हाय की." सरांना सांगितलं मी स्वतः जाते. सगळेच असं करतात.

काका बाजेवर बसून होते. उमेदीत त्याच खदानीत दगड फोडले त्यांनी. आता संडासापर्यंत गेले तरी दम लागतो. म्हणाले, "शिल्पे, नीट मोज बरं का. न्हाय तर आमाला कोन इचारतंय."
मोजते म्हणाले.

९ एप्रिल
पहिले कागद आले, वजन केलं. धूळ फारच कमी. पलीकडच्या शिवारातलं क्रशर दिवसभर खडखडतंय, रस्त्यावर खडीचे हायवा ट्रक पळतायत, आणि हवा म्हणे महाबळेश्वरची! मावशीला फोन केला, मशीन चालतंय ना? "घुरघुर करायलंय की रातंदिस. झोपू देईना मेलं." मग काय. ऊन, वारं, काहीही असेल. जाऊन बघायला हवं होतं. बिडकीनच्या कामात अडकले.

२ मे
न सांगता गेले. गच्चीवर चढले तर मशीनवर मावशीचं जुनं लुगडं, दुहेरी घडी करून, चारी बाजूनं सुतळीनं बांधलेलं. भोवती पाणी शिंपडलेलं.

मावशी पाठोपाठ वर आली, तोंडभर हसत. "बघ, कसं जपलंय तुजं मशीन. सोन्यासारखी वस्तू, लई धूळ बसती वं हितं. येक कण बसू दिला नाय म्या. सांजसकाळ सडा मारते वरी."

मला हसावं का रडावं कळेना. धूळ बसावी म्हणूनच तर ठेवलंय गं माय. जिभेवर आलं होतं. तिचा चेहरा बघितला आणि म्हणाले, "बरं केलंस मावशी." लुगडं सोडलं, घडी करून तिच्या हातात दिलं, आता झाकायची गरज नाही म्हणाले. तिनं वरणभात, ठेचा, कुरडया केल्या. पोटभर जेवले. शरम नाही वाटली तेव्हा. आता वाटतेय.

३ मे
सरांना सांगितलं. सगळं परत मोजावं लागेल. सर लॅपटॉपमधून मान वर न काढता, "मशीन चालू होतं? रीडिंग आलं? मग झालं. आणि तुम्ही स्वतः जात होता ना मॅडम? मग झाकलं कुणी, तुम्ही?"

गप्प बसले. तोंड उघडलं तर आधी मीच उघडी पडते. आज आहे त्या हवेत धूळ किती, त्यावर अजून किती चालेल ते ठरतं. खरं मोजलं तर आधीच काठोकाठ असणार, खदान बसणार नाही त्यात. लुगड्यातून मोजलं तर भरपूर जागा आहे. हे मला कळतं, सरांना कळतं. मावशीला नाही.

२६ जून
मसुदा गेला, लुगड्याखालच्या आकड्यांवरच. 'हवेची गुणवत्ता विहित मर्यादेच्या आत.' मीच टाइप केलं. सही बाकी आहे, ती शेवटच्या अहवालावर.

१२ ऑगस्ट
जनसुनावणी. शाळेच्या मैदानात मांडव, कं.कडून पोहे-चहा, व्हिडिओवाला. कलेक्टर ऑफिसचे एक साहेब, प्रदूषण मंडळाचे एक. सारांश मराठीत मी वाचला. आवाज जरासुद्धा कापला नाही. निर्लज्ज.

अख्खी वस्ती आलेली. आल्याआल्या सगळे जय भीम घालतायत, म्हाताऱ्या गालावरून हात फिरवतायत. वैशालीवहिनी, मावशीची सून, हरकत लिहूनच आली होती. उठून म्हणाली, "सायब, सुरुंग उडाल्यावर धुरळा आमच्याच घरात येनार. आमच्या मामाचं, सासऱ्याचं काय झालंय, बघा तरी."

तर मावशीच उठली. माइक घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. "थांब गं वैशाले. सायब, ते मशीन आमच्या गच्चीवर व्हतं. म्या सोत्ता सांभाळलंय. आन मोजलंय आमच्या पोरीनं. माज्या बहिनीची लेक हाय ती, शिकून एवढी मोठी झाली. ती म्हनती हवा चांगली, तर चांगलीच आसंल. आपलं मानूस खोटं लिहील का?"

टाळ्या वाजल्या. काकांनीही वाजवल्या, मधे खोकत खोकत. वहिनी खाली बसली, कागद पर्समध्ये टाकला. मग उठलंच नाही कुणी. साहेबांनी लिहून घेतलं, ग्रामस्थांची हरकत नाही. कं.चा मॅनेजर जाता जाता म्हणाला, "मॅडम, मानलं तुम्हाला."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडीत खिडकीकडं तोंड करून बसले, क्रांती चौक येईपर्यंत.

१४ ऑगस्ट
आईनं फोन करून सांगितलं, "कमल सगळ्यांना सांगत सुटलीय तुझं." ठेवून दिला.

३० ऑगस्ट
गेले. सांगितलं. मावशी तांदूळ निवडत होती. मशीन झाकल्यामुळं धूळ कमी आली, म्हणून खदानीला रस्ता मोकळा झाला. एवढं एका दमात.

तिचा हात ताटातच थांबला. "मंजी माज्यामुळं झालं?"
"नाही गं."
"पन तूच तर म्हनलीस, बरं केलं."
"तुला वाईट वाटेल म्हणून."
भिंतीपलीकडं काका खोकत होते. ती तिकडं बघायला लागली.

मी तिथं थांबायला पाहिजे होतं, तीन मेला मला सगळं कळलं होतं आणि तरी गप्प… हे सांगायलाच गेले होते. नाही निघालं तोंडातून. अर्धंच सांगून आले. अर्धं सांगितलं की सगळा दोष तिच्यावर जातो, हे परत येताना गाडीत कळलं. की आधीच कळलं होतं?

६ सप्टेंबर, शनिवार
सर: "सोमवारी सही, मंगळवारी अहवाल मुंबईला." हो म्हणाले. नाही म्हणाले नाही एवढं खरं.

७ सप्टेंबर, रविवार
दुपारी दारात मावशी. एकटी आली एसटीनं, ठेवणीतली साडी, हातात पिशवी. उद्या मंडळाच्या साहेबाला भेटायचं म्हणते. मला फक्त ऑफिस दाखव.

"काय सांगणार तू?"
"सांगते, म्या आडानी बाई, म्या झाकलं. परत मोजा म्हनते."
"ते विचारतील, मॅडम कुठं होत्या."
तिनं तेही ठरवून आणलेलं. "तुज्यावर येऊ देत नाय म्या. पोरगी रोज सांगत व्हती झाकू नको, म्याच ऐकलं नाय, आसं म्हनते. तुजी नोकरी जायला नको. भिऊ नको तू."

आणि मला हायसं वाटलं. लाज नंतर वाटली, आधी हायसं वाटलं. एवढं तरी इथं खरं लिहिते.

नको म्हणायला पाहिजे होतं तिथल्या तिथं. म्हणाले, "उद्या बघू."

आत भाकरी थापायलीय. परातीचा आवाज येतोय. साहेब साडेदहाला येतात का अकराला, दोनदा विचारून झालं तिचं. अजून सांगितलं नाही मी.