कोटाचा आतला खिसा

४ जानेवारी

ती. वहिनींस, साष्टांग नमस्कार.

दादा गेल्यापासून पत्र लिहायचं राहूनच गेलं. शिडीवरून पडलो तेव्हापासून कंबर धड नाही. भिंत रंगवायला हात वर केला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. दादाला दुखण्यासाठी लावायचात त्या पट्ट्या उरल्या असतील, तर दोन-चार पाठवा. दादाचं सगळं मलाच येत आलंय: चपला, सायकल, मार. मग औषधाने काय घोडं मारलंय?

आपला,
धाकटा

९ जानेवारी

चि. भावोजींस, अनेक आशीर्वाद.

पट्ट्या मिळणार नाहीत. यांच्या कॅन्सरच्या दुखण्याला हळूहळू वाढवत नेलेलं ते औषध. सवय नसलेल्या अंगाला लावलं तर झोप येते आणि झोपेतच श्वास मंदावत जातो. डॉक्टरांनी हे सांगितलं होतंच, शिवाय बरोबरचा कागद मी बोट ठेवून वाचलाय. माझी शाळा किती झाली ते तुम्हाला ठाऊकच आहे, म्हणून दोनदा वाचला. उरलेल्या पट्ट्या दवाखान्यात परत देऊन आले.

रागावू नका. यांचा काळा कोट पाठवते. कपाटात लटकलेला बघवत नाही. बाह्या लांब होतील, धाकटी दुमडून देईल. कंबर डॉक्टरांना दाखवा, चालढकल नको.

सौ. धाकटीस आशीर्वाद.

तुमची,
वहिनी

१६ जानेवारी

ती. वहिनींस, साष्टांग नमस्कार.

कोट पोचला. बाह्या लांबच आहेत. आतल्या खिशात पट्टी सापडली आणि हसू आलं. पूर्वी दादासमोर मला नाही म्हणायचात आणि मग गुपचूप खिशात सिनेमाचं तिकीट सारायचात, अगदी तसंच. पत्रातली बोलणी खाऊन घेतली.

सकाळी लावली. धाकटी वरून गरम पाण्याच्या पिशवीने शेकतेय. दुखणं कुठल्या कुठे गेलं. डोळे मात्र मिटतायत. कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकून येतो आणि आडवा होतो.

तुमच्या लाडाचा,
धाकटा

२३ जानेवारी

प्रिय धाकटीस,

नेहमीसारखं आधी ‘सौ.’ लिहायला गेले आणि हात थांबला.

तुझ्याकडून परतले तर दारात भावोजींचं पत्र पडलेलं. सोबत पाठवते. माझ्या शेकण्याने ते गेले, असं तू सारखं म्हणत होतीस. त्या पट्टीवर शेक चालत नाही, औषध भराभर अंगात उतरतं, हे खरं. पण तुला ते कोण सांगणार? कागद माझ्यापाशी होता. पट्टीही माझ्याच घरातून आली. शेवटच्या तपासणीला निघताना, वाटेत लागलीच तर असावी म्हणून यांनी ती खिशात ठेवली असणार. मी कोट झटकला, ब्रश फिरवला, बराच वेळ मांडीवर घेऊन बसले. आतला खिसा तेवढा चाचपला नाही.

भावोजींना वाटलं, मीच ठेवली. जन्मभर त्यांना लटकंच नाही म्हणत आले. एकदाच खरं म्हटलं होतं गं.

कोट कोणाला देऊ नकोस. तू दुमडलेल्या बाह्या तशाच राहू देत.

तुझा लोभ राहील का, हे विचारायचा धीर नाही. माझा आहे, एवढं धरून चाल.

तुझी,
जाऊबाई