साऱ्या गावाचा एक जून

नाना, आज मी भांडायला बसलेले नाही, हे आधीच सांगते. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. त्याआधीची अकरा वर्षं मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले. त्यामुळे माझ्या हातात कागद बघून तुम्ही चष्मा शोधायला लागाल आणि मनात म्हणाल, आता काय नवीन काढलं या पोरीने. नवीन काही नाही, जुनी तारीखच आहे. परवा शाळेत माझ्यासमोर कॉम्प्युटरवर विभागीय बास्केटबॉल स्पर्धेची यादी उघडी होती, सतरा वर्षांखालच्या मुलींची. बारा नावं भरायची होती, त्यातली अकरा भरून झाली होती. बाराव्या जागी माझी सगळ्यात चांगली खेळाडू घालायची की नाही, एवढंच ठरवायचं होतं. मुदत संध्याकाळी पाचची. दिवसभर तुमची आठवण येत होती, आणि ती प्रेमाने येत होती असं म्हटलं तर खोटं होईल.

तुम्ही गेलात तेव्हा मी इथे क्रीडाशिक्षिका म्हणून नुकती लागले होते. अजून तिथेच आहे. नाशिकच्या गंगापूर रोडवरची शाळा, सिमेंटचं कोर्ट, दोन बोर्ड. त्यातल्या एकाची रिंग मुलं लोंबकळून वाकवतात आणि मी दरवर्षी वाकडी म्हणून ओरडते. ही बाराव्या जागेची मुलगी गेल्या वर्षी नववीत आली, सुरगाण्याकडची. आईवडील द्राक्षबागांत कामाला येतात आणि ती इथे वसतिगृहात राहते. आली तेव्हा तिने बास्केटबॉल हातातसुद्धा धरलेला नव्हता. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, उडी मारून बोर्डाला हात लाव. तिने हात लावला, खाली आली आणि विचारलं, "आता?" मी वीस वर्षांत हा प्रश्न कुणाकडून ऐकला नव्हता. एका वर्षात ती अशी खेळायला लागली की समोरच्या संघाचे शिक्षक सामना संपल्यावर माझ्याकडे न येता आधी तिच्याकडे जायचे. या विभागीय स्पर्धेला निवड समितीतले लोक तिला बघायला येणार होते. ती त्यांना आवडली असती तर सरकारी प्रशिक्षण केंद्रात गेली असती. राहणं, खाणं, शिकणं, खेळणं, सगळं तिथेच. पण त्या केंद्रात घेतात ते याच वयोगटातून, म्हणजे ही संधी हुकली की पुन्हा नाही. तिला हे माहीत होतं. तिने वसतिगृहातल्या मुलींना आपली पत्र्याची पेटी कुणाला देणार तेही सांगून ठेवलं होतं.

तुमच्या शाळेतला जून महिना मला अजून दिसतो. तुम्ही ओट्यावर टेबल टाकून बसलेले, पुढे जाडजूड रजिस्टर, आणि देवळ्याच्या बाजाराला निघालेली माणसं वाटेत पोराला शाळेत घालून जायच्या घाईत. तुम्ही विचारता, जन्म केव्हाचा? कुणी म्हणतो पोळ्याच्या आसपासचा, कुणी म्हणतो याच्या चुलत्याचं लगीन झालं त्या सालचा. मग तुम्ही पोराला सांगता, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. कानाला बोटं टेकली की पोर सहा वर्षांचं. नाही टेकली तरी आई काकुळतीला आलेली असली की तुम्ही मान थोडी तिकडे वळवायला लावता. मग टाक उचलता आणि लिहिता, एक जून. साऱ्या गावाचा जन्म एक जूनला झाला, नाना. कांद्याच्या चाळीत, बैलगाडीत, आजोळी, कुठेही जन्मलेलं पोर असो, तुमच्या रजिस्टरात ते एक जूनलाच जगात यायचं. आम्ही हसायचो की एका दिवशी गावातल्या सुइणीची काय धावपळ झाली असेल.

माझी तारीख तेवढी वेगळी. डिसेंबर संपायला तीन दिवस उरले असतानाची. त्या तीन दिवसांनी माझं काय केलं ते तुम्हाला सांगायला नको, पण आज सांगते, कारण माझ्या तोंडून तुम्ही ते शांतपणे कधी ऐकलेलं नाही. गावातल्या आम्ही दोघी नाशिकला हायस्कूलच्या वसतिगृहात होतो. दोघी संघात. ती माझ्याहून दीड-दोन वर्षांनी मोठी, हे सगळ्या गावाला ठाऊक, पण तुमच्या कृपेने तिचा एक जून होता, आणि तोही सोयीच्या सालातला. राज्य स्पर्धेचे फॉर्म आले. एक जानेवारीच्या आधी जन्मलेली चालणार नाही असा नियम. मी तीन दिवसांनी म्हातारी ठरले. आमचे सर चांगले होते, पण त्यांना संघ हवा होता. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझे वडीलच हेडमास्तर ना? मग अडचण काय? दाखला नवीन आण. त्यांना काय, एक जून टाकायचा."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी.ने घरी येते. आई चुलीपुढे कळण्याच्या भाकरी करते आहे, तुम्ही पाटावर बसून जेवता आहात. मी पिशवीसुद्धा खाली ठेवत नाही आणि सांगून टाकते. तुम्ही घास चावत राहता. मग म्हणता, "नही." एवढंच. मला वाटतं तुम्हाला नीट कळलं नसेल, म्हणून पुन्हा सांगते, या वेळी शहरातल्या मराठीत, मुद्दाम, तुम्हाला टोचावं म्हणून. म्हणते, "अख्ख्या गावाला तुम्ही हव्या तशा तारखा दिल्या. पोटच्या पोरीला एक तारीख देता येत नाही?" आई भाकरी थापायची थांबते आणि म्हणते, "लिखी टाका ना. पोर रडी ऱ्हायनी." तुम्ही पाण्याचा तांब्या उचलता, पीत नाही, खाली ठेवता. "बाकीस्नी तारीख माले माहीत नव्हती, म्हनीसन एक जून लिखी. तुनी माहीत शे. माहीत ऱ्हायनी त तीच लिखनी पडस." मी म्हटलं, माहीत आहे म्हणून तीच लिहायची, तर मग माहीत नाही असं समजा. तेव्हा तुम्ही माझ्यावर ओरडलात. आयुष्यात एकदाच. शब्द आठवत नाहीत, आईच्या हातातली भाकरी तव्याबाहेर पडली तेवढं आठवतं.

संघातली ती गावची मुलगी राज्याला खेळली. पुढे खेळाडूंच्या जागेवर पोलिसात लागली. तिचं चांगलं झालं याचा मला आज आनंद आहे, तेव्हा अजिबात नव्हता. पण ती स्पर्धेला जायच्या आधी, आपल्या भांडणानंतर महिन्याभराने, तुम्ही वसतिगृहावर आलात, कॅनव्हासचे पांढरे बूट घेऊन. मी वरच्या खिडकीतून तुम्हाला बघितलं आणि रेक्टरबाईंना सांगितलं, डोकं दुखतं आहे, खाली येत नाही. तुम्ही तासभर फाटकाशी उभे होतात, बूट ठेवून गेलात. ते मी तिला देऊन टाकले. तुम्ही दिलेले बूट घालूनच ती राज्याला गेली, हे तुम्हाला कुणी सांगितलं की नाही ते मला माहीत नाही. मला वाटतं सांगितलं असणार, आपल्या गावात काय लपतं.

आता परवाचं. पालकांच्या संमतीवर सही हवी म्हणून त्या मुलीची आई आली होती. सकाळी दिंडोरीच्या बाजूने जीपने आलेली, पदराला अजून द्राक्षबागेतल्या औषधाचा वास. सही करून झाल्यावर बाई मोकळी झाली, घरचं सांगायला लागली. म्हणाली, हिच्या पाठचा पोरगापण दहावीलाच आहे, तिकडे आश्रमशाळेत. मी सहज विचारून गेले, "म्हणजे जुळी का?"

"जुळी कशाची बाई!" ती हसली. "मास्तरांनी दोघांला एकाच दिवशी साळंत घातलं. आम्ही कामाला जायचू, पोरं मागंपुढं नको म्हनून. मंग तारीख बी एकच लावली, एक जून. ही त..."

इथे मी उठले. म्हटलं, थांबा हं, तुमच्यासाठी चहा सांगते. शिपाईमामा दाराशीच उभे होते, हाक मारली तरी चाललं असतं. मी स्वतः कॅन्टीनपर्यंत गेले आणि चहा उकळेपर्यंत तिथे उभी राहिले. कागद स्वच्छ होता, नाना. दाखला, आधार, सगळीकडे एक जून, सगळीकडे तेच साल. कुणी बोट ठेवलं नसतं. पुढे केंद्रात हाताचा एक्स-रे काढतात, हाडावरून वय बघतात, पण त्यातूनही पुष्कळ मुली सुटतात, मला चांगलं माहीत आहे. फक्त त्या बाईचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नव्हतं. तुमच्यावर इतकी वर्षं रागावले आणि मला तुमच्यापेक्षा किती सोपी वाट मिळाली होती बघा. लिहायचंसुद्धा नव्हतं, नुसतं ऐकायचं नव्हतं.

चहा घेऊन परत येताना कोर्टावर आठवीच्या मुली खेळत होत्या. यादीत नाव नसलं तरी रोज येणारी एक बुटकी मुलगी आहे, वयाने अगदी बरोबर, खेळाने बरी. बारावी जागा तिची होती. ती वेणी दातात धरून बूट बांधत होती. तिला बघून माझ्यात काही मोठा सद्‌गुण जागा झाला असं नाही. मला नुसता तुमचा भयंकर राग आला, कारण तुम्ही मला हे शिकवून ठेवलं होतं आणि मला विचारलंही नव्हतं. मी आत गेले, चहा बाईच्या हातात दिला आणि विचारलं, "ही केवढ्याने मोठी?"

"दोन वरसं. पुरती दोन वरसं," ती म्हणाली आणि बशीत चहा ओतला. "का वो बाई?"

"सहज," मी म्हटलं.

साडेचारला मी त्या बुटक्या मुलीचं नाव भरलं आणि यादी पाठवून दिली. मला वाटलं होतं की आता तुमची बाजू मला कळेल आणि तेहेतीस वर्षांचं काहीतरी हलकं होईल. तसंही झालं नाही. मला अजून वाटतं की तुम्ही माझ्याशी जास्त बोलायला हवं होतं. "नही" म्हणून घास चावत बसायला नको होतं. पण तुम्ही ते माझ्या तोंडावर म्हणालात. कारण सांगितलंत, शिव्या खाल्ल्यात, फाटकाशी उभे राहिलात. सरांवर ढकलता आलं असतं, रजिस्टर वरच्या ऑफिसात तपासणीला गेलं आहे म्हणता आलं असतं. मी तुमच्या गळ्यात पडून रडले असते, आणि तुम्ही अकरा वर्षं मुलगी गमावली नसती. हे तुम्हाला सुचलं नसेल असं मला वाटत नाही. हेडमास्तर होतात तुम्ही, सबबी तुम्ही रोज ऐकत होतात.

पाच वाजून गेल्यावर ती कोर्टावरून आली. घामाघूम, बॉल कमरेवर. "मॅडम, गेलं का माझं नाव?"

मी म्हटलं, "अगं, काय सांगू. वेबसाइटच अडकली. तुझा फोटो चढेना. किती वेळा केलं. पाच वाजले आणि बंद झालं."

तिने बॉल दोनदा जमिनीवर आपटला, पुन्हा कमरेवर घेतला. "मग केंद्राचं?"

"तेही आता नाही गं."

तिने मान खाली घातली. मला वाटलं आता रडेल, ओरडेल, निदान माझ्याकडे नको तसं बघेल. ती टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, नाना. म्हणाली, "मॅडम, तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. तुम्ही तरी काय करणार? माझ्यासाठी लय केलं तुम्ही." आणि आपल्या बाटलीतलं पाणी मला प्यायला दिलं. मी ते प्यायले. आज कळलं की वसतिगृहात ती सगळ्यांना सांगते आहे, मॅडम माझ्यासाठी शेवटच्या मिनिटापर्यंत बसल्या होत्या. तिच्या आईचाही निरोप आला, बाईंना सांग, नशिबात नव्हतं, जिवाला लावून घेऊ नका.

हे एवढंच सांगायचं होतं. तारीख मी खरी धरली आणि तिला खोटं सांगितलं. तुम्ही माझा राग अकरा वर्षं घेतलात, मला तिचा एक संध्याकाळभरसुद्धा झेपला नाही. हा कागद तुमच्या नावाने लिहिला आहे, कारण तुम्ही आता काही विचारणार नाही. खरं तर तो तिला द्यायला हवा. ती सकाळी साडेसहाला सरावाला येईल आणि माझी तब्येत विचारेल. कागद माझ्या पिशवीत असेल. मी देईन असं मला वाटत नाही.